न्हाणीघरांतला गीझर आणि बदनाम झालेला बोर्ड

मार्गशीर्षी पौर्णिमेस चौल-भोवाळ्याच्या टेकडीवर दत्ताची यात्रा भरते आणि त्या दिवसांत आसपासच्या घरांत पाहुण्यांस तोटा नसतो. आमच्या मावसबंधूंचें घर चौलांतच, नारळीपोफळीच्या वाडींत आहे. त्यामुळें दोनचार वर्षांआड आम्हांसही तेथें जाण्याचा योग येतो. या खेपेस टेकडी उतरून आलों, पाय धुतले, आणि चहा पुढें येण्याच्या आधींच घरची तक्रार पुढें आली. "गीझरचा बोर्ड पुन्हा गेला. वर्षांतला हा तिसरा." घरचीं माणसें नऊ, यात्रेचे पाहुणे आम्हां धरून पांच. चौदा जणांचीं स्नानें व्हावयाचीं, आणि गीझरची ज्योत पांच सेकंदांपलीकडे टिकेना.

'बोर्ड गेला' हें वाक्य अलीकडे आपल्या घरांत 'दृष्ट लागली' या वाक्याच्या जागीं आलें आहे. ज्याचें कारण डोळ्यांस दिसत नाहीं, तें सारें त्याच्या माथीं मारावें आणि मोकळें व्हावें! तालुक्याच्या गांवाहून येणारा कारागीर कांहीं वाईट माणूस नव्हे. परंतु त्याच्या पिशवींत नवा बोर्ड असतो आणि त्याच्यापाशीं वेळ नसतो. तो जुना काढतो, नवा घालतो, ज्योत पेटवून दाखवितो, पैसे घेतो. महिना दीड महिना बरा जातो. मग पुन्हा तेंच. मावसबंधूंनीं या वर्षांत असे दोन बोर्ड विकत घेतले होते आणि तिसऱ्यासाठीं निरोप धाडण्याच्या बेतांत होते. "एवढा एक दिवस थांबा," असें आम्ही म्हणालों, आणि त्या थांबण्यांतून जें निघालें तें आमच्या वाचकांस, विशेषतः वाचकभगिनींस, कळविण्यासारखें वाटल्यावरून येथें देत आहों.

पूर्वीं या घरांत तांब्याचा बंब होता. मागील दारीं पडवीच्या कडेस तो उभा असे. पोफळीचीं वाळलेलीं झापें, नारळाचीं सोडणें, करवंट्या, जें कांहीं वाडींत पडेल तें त्याच्या पोटांत जाई. धूर होई, डोळे चुरचुरत, मावशी कुरकुरत. पण धुराचा एक गुण असा कीं, तो आपण आल्याची वर्दी देतो. न्हाणीघर म्हणजे कुडाच्या तीन भिंती आणि वर कौलें. तेथें वाऱ्यास आंत येण्यासाठीं कोणाची परवानगी लागत नसे. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. वाड्या झोपल्या, कौलें उडालीं, आणि पुष्कळ गांवांत कित्येक आठवडे वीज नव्हती. या घराचें जुनें न्हाणीघर त्याच दिवशीं गेलें. नवें बांधलें तें विटांचें, चकचकीत फरशांचें, घट्ट बसणाऱ्या दाराचें. आणि वीज नसली तरी पाणी तापावें म्हणून त्यांत गॅसचा गीझर बसविला. अंधारांत काढलेल्या त्या दिवसांची आठवण ताजी असतांना केलेली ही निवड चुकली असें कोणास म्हणतां यावयाचें नाहीं. चुकली ती जागा. पण तें मागाहून.

गीझर हें नांव आइसलंडांतल्या उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून आलें. १८६८ सालीं लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन नांवाच्या रंगाऱ्यानें वायूवर चालणारें, पाणी तात्काळ तापविणारें यंत्र तयार केलें आणि त्यास हें नांव दिलें. त्याच्या यंत्रास धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. ही उणीव वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

चौलच्या रामेश्वराच्या देवळांत अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड अशीं तीन कुंडें आहेत. गीझरच्या पत्र्याच्या पेटींतही हींच तीन दैवतें एकत्र नांदतात, आणि त्यांच्या येण्याचा क्रम चुकला कीं अनर्थ होतो. नळ उघडला कीं प्रथम पाणी येतें. त्याच्या दाबानें एक रबरी पडदा फुगतो व एक खिळी पुढें सरकवितो. ती सरकली कीं वायूची एक वाट मोकळी होते आणि मायक्रोस्विच नांवाची बारीक कळ सुटते. कळ सुटली कीं बोर्ड जागा होतो. दीड दीड व्होल्टाचे दोन जाडे सेल त्यास शक्ति पुरवितात. जागा होतांच तो ठिणग्यांची टकटक सुरू करतो आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेनें उघडणारी झडप, उघडून वायूस पुढें सोडतो. ज्योत पेटते. येथवर सर्वांस ठाऊक असतें. परंतु बोर्डाचें मुख्य काम यानंतरचें आहे. ज्योत खरोखरच पेटली काय, याची तो खात्री करून घेतो. आणि थोड्या सेकंदांत ती पटली नाहीं तर झडप लावून टाकतो. तसें न करील तर न जळलेला वायु खोलींत भरत जाईल आणि पुढची ठिणगी घरादारास महाग पडेल.

ही खात्री तो कशानें करतो? त्यास डोळे नाहींत. ज्योतींत एक सळई धरलेली असते. तापलेल्या ज्योतींतले कण विद्युतभारित होतात, म्हणून ज्योतींतून अत्यल्प वीज वाहूं शकते. बोर्ड या सळईस उलटसुलट दिशेची वीज देतो. परंतु सळई लहान आणि खालचा बर्नर मोठा, त्यामुळें ज्योतींतून एका दिशेनें वीज अधिक जाते व दुसऱ्या दिशेनें कमी. हा जो एकतर्फी शेष उरतो तोच ज्योतीचा पुरावा. नुसत्या तारा एकमेकींस चिकटल्या तर वीज दोहों दिशांस सारखीच वाहील, शेष उरणार नाहीं आणि बोर्ड फसणार नाहीं. ही युक्ति ज्यानें काढली त्याचें कौतुक करावें तेवढें थोडें. हा पुरावा मोजावयाचा तो मायक्रोअँपियरमध्यें, म्हणजे एका अँपियरच्या दहा लाखाव्या भागांत. इतक्या नाजूक मोजमापास काय सोसवतें आणि काय सोसवत नाहीं, हा प्रश्न या किनाऱ्यास नवा नाहीं. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येऊं घातल्या तेव्हां कुलाब्याच्या वेधशाळेंतले पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध त्यांच्यामुळें बिघडतील म्हणून तें काम अलिबागेस हलविलें, आणि १९०४ पासून तेथें वेध घेण्यास आरंभ झाला. अलिबागेस ट्रामची पीडा नव्हती. खारा वारा मात्र होता, आणि आमच्या मावसबंधूंच्या गीझरचे मायक्रोअँपियर त्यानेंच पळविले होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सिलिंडर बंद केला, सेल काढले आणि मग पत्र्याचें झांकण उतरविलें. हा क्रम कोणींही बदलूं नये. सेलांच्या डब्यांतल्या पट्ट्यांवर हिरवट थर आला होता. तो पुसला व नवे सेल घालून पाहिले, पण फरक पडला नाहीं. अशा वेळीं घाईनें एखाद्या भागावर आरोप ठेवण्यापेक्षां यंत्र कोठवर गेलें आणि कोठें अडलें, तें पाहावें. टकटक जोरांत होत होती. म्हणजे सेल, पाण्याचा दाब, रबरी पडदा आणि मायक्रोस्विच यांची साक्ष झाली. ज्योत निळी व एकसारखी पेटत होती. म्हणजे वायु, झडप आणि ठिणगी निर्दोष ठरलीं. बोर्डानें आपल्या दोन कामांची चुणूक डोळ्यांदेखत दाखविली होती. राहिली ती ज्योतीची ओळख, आणि ती एकट्या बोर्डावर अवलंबून नाहीं. तिच्या वाटेंत सळई आहे, तार आहे, सांधे आहेत.

सळईवर राखी रंगाचा, कांचेसारखा पातळ थर बसला होता. हा थर वीज जाऊं देत नाहीं. सळई जिच्यांत बसविली होती त्या चिनी मातीच्या बाहीवरून बोट फिरवून जिभेस लावलें, तों तें खारट. मीठ हवेंतलें पाणी ओढून घेतें आणि ओल्या मिठावरून वीज भलतीकडे गळते. आणि तळाशीं, बोर्डाची एक तार जेथें यंत्राच्या अंगाशीं स्क्रूनें आवळली होती, तेथें तो स्क्रू गंजून लालभडक झाला होता. ज्योतींतून गेलेली वीज बोर्डाकडे परत येते ती याच वाटेनें. वाट गंजली, पुरावा पोंचला नाहीं, बोर्डानें नियमाप्रमाणें झडप लावली. यांत त्याचा दोष कोणता?

मावसबंधूंनीं शंका काढली ती रास्त होती. "तसें असेल तर नवा बोर्ड घातल्यावर यंत्र महिनाभर चालत कसें असे?" त्याचें उत्तर त्या स्क्रूंतच होतें. नवा बोर्ड बसवावयाचा म्हणजे तो स्क्रू उघडावा लागतो आणि पुन्हा आवळावा लागतो. आवळतांना तार पत्र्यावर घांसते, तेथला गंज थोडासा खरवडला जातो, आणि वाट कांहीं दिवसांपुरती मोकळी होते. मावसबंधूंनीं दोन वेळां बोर्डाचे पैसे दिले आणि दोन्ही वेळां त्यांस मिळालें तें स्क्रूचें आवळणें.

सळई अगदीं बारीक पॉलिश पेपरनें हलकेच घांसली, बाही स्वच्छ कोरड्या फडक्यानें पुसली, गंजलेल्या स्क्रूच्या जागीं न गंजणाऱ्या पोलादाचा घातला, खालचा पत्रा खरवडून चकचकीत केला आणि सांधा आवळल्यावर वरून व्हॅसलीनचें बोट फिरविलें. सेल घातले, सिलिंडर उघडला, सांध्यांस साबणाचें पाणी लावून बुडबुडे येत नाहींत हें पाहिलें. नळ सोडला. ज्योत पेटली आणि टिकली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. तेवढ्यावर हकीकत संपली असती तर हा लेख लिहिला गेला नसता.

त्याच रात्रीं मावसबंधूंच्या थोरल्या चिरंजीवांचा अमेरिकेंतून फोन आला. ते मिनेसोटांत असतात; तेथें हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस अंश जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं. तिकडे घराच्या तळाशीं गॅसची भट्टी असते. ती हवा तापविते आणि पंखा ती हवा नळांवाटे खोल्याखोल्यांत पोंचवितो. गीझरची हकीकत ऐकून ते हंसूं लागले. गेल्या हिंवाळ्यांत एका रात्रीं त्यांची भट्टी अशीच पेटून विझूं लागली होती. आलेल्या माणसानें तेथेंही प्रथम बोर्डाचेंच नांव घेतलें आणि किंमत सांगितली ती कित्येक शें डॉलर. परंतु त्या भट्टीच्या बोर्डावर एक लहानसा दिवा लुकलुकत असतो, आणि किती वेळां लुकलुकला म्हणजे दोष कोणता, हें भट्टीच्या दाराच्या आंत डकविलेल्या कागदावर छापलेलें असतें. चिरंजीवांनीं लुकलुक मोजली, कागद वाचला, आणि त्यांत निघालें तें हेंच: ज्योतीची ओळख पटत नाहीं. सळई पुसली, भट्टी चालूं लागली. तेथें खारा वारा नाहीं. धूळ आणि उष्णता यांनींच तो थर बसतो. मग ते म्हणाले, "मात्र काका, भट्टी दुसऱ्या कारणानें बंद पडत असेल तर तिकडे आम्ही हात लावीत नाहीं. धुराची वाट तुंबली किंवा आंतली उष्णता वाढली तर ती मुद्दाम बंद पडते."

हें बोलणें आमच्या मनांत घोळत राहिलें. आपल्याकडच्या स्वस्त गीझरांच्या पुष्कळ बोर्डांस असा दिवा नसतो. त्यांचें बोलणें म्हणजे बंद पडण्याची वेळ. पेटून पांच सेकंदांत बंद पडला तर तो एक सांगतो, दहाबारा मिनिटांनीं पडला तर निराळेंच सांगतो. पांच सेकंदांचें बोलणें आम्हीं ऐकलें होतें. बारा मिनिटांचें कानीं आलें नव्हतें, कारण कोणीतरी त्याचें तोंड बांधून ठेवलें होतें.

तें सकाळीं दिसलें. पाणी तापतें त्या तांब्याच्या वेटोळ्यापाशीं, धूर निघावयाच्या तोंडाखालीं, बटनाएवढी एक उष्णतेची कळ असते. गरम धूर वर न जातां परत फिरूं लागला किंवा वेटोळें अति तापलें, तर ती कळ सुटते आणि बोर्ड ज्योत बंद करतो. या कळीकडे जाणाऱ्या दोन तारा मध्येंच तोडून एकमेकींस पिळल्या होत्या आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ज्योतीची खोटी साक्ष बोर्डास देतां येत नाहीं हें वर सांगितलेंच. परंतु या कळीची साक्ष मात्र दोन तारा पिळून कोणासही देतां येते. चौकशी करतां समजलें कीं, गेल्या श्रावणांत गीझर तिसऱ्या चौथ्या स्नानास मध्येंच विझूं लागला, तेव्हां गांवांतल्या एका हुशार हातानें पांच मिनिटांत हा इलाज करून दिला. मावशींनीं त्यास पैसे देऊन वर चहाही पाजला होता.

"तेव्हांपासून आंघोळ अर्ध्यावर राहिली असें कधीं झालें नाहीं," मावशी म्हणाल्या.

थोरल्या वहिनी दारांत उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "धाकटीचें डोकें दुखतें तेंही तेव्हांपासूनच."

धाकट्या वहिनी मुलांच्या शाळा आणि सर्वांचे डबे आटोपून घरांत सर्वांच्या शेवटीं स्नान करीत. त्यांच्या आधीं त्या कोंडलेल्या खोलींत ज्योत तास दीड तास थोडीथोडी जळून गेलेली असे. गुरुवारीं भोंवळ आली तेव्हां ती मार्गशीर्षाच्या उपवासावर गेली. कार्तिकांत एकदां त्या न्हाणीघरांतच खालीं बसल्या, हांकेस ओ देईनात, आणि भाऊजींनीं कडी मोडून दार उघडलें. तेव्हां अंगांत रक्त कमी असेल असें ठरून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. माहेरीं गेल्या कीं मात्र त्यांस बरें वाटे, आणि यावरून घरांत जो अर्थ काढला गेला तो येथें लिहिण्याची जरूर नाहीं. माहेरीं विजेचा गीझर आहे, एवढेंच कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

आम्हीं मुलांची पाटी मागून घेतली आणि तिच्यावर हिशेब मांडला. मिनिटास सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनीं तापवावयाचें तर सुमारें सोळा ग्रॅम गॅस जळतो. एक किलो गॅस नीट जळण्यास सुमारें बारा घनमीटर हवा लागते. म्हणजे मिनिटास जवळ जवळ दोनशें लिटर. न्हाणीघर पांच फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच. त्यांत हवा मावते सारी सहा हजार आठशें लिटर. पंधरा मिनिटें गीझर चालला कीं खोलींतल्या हवेचा चारदशांशाहून अधिक भाग ज्योतींतून जाऊन निघतो. दारांखिडक्यांच्या फटींतून कांहीं हवा आंत येते, नाहीं असें नाहीं. परंतु या न्हाणीघराच्या झडपांच्या खिडकीस हिंवाळ्यांतला वारा आणि डास येऊं नयेत म्हणून आंतून प्लास्टिकचा कागद चिकटविला होता. मॉघनच्या यंत्राप्रमाणें याही गीझरास धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. जळून निघालेली हवा पुन्हा त्याच ज्योतीच्या आणि त्याच माणसाच्या वांट्यास येत होती.

प्राणवायु पुरेसा असला तर गॅस जळून कर्बाम्ल वायु आणि वाफ होते. तो कमी पडला कीं कार्बन मोनॉक्साइड हें विष तयार होतें. सिलिंडरांतला गॅस गळला तर आपणांस कळतें, कारण त्यांत वास मुद्दाम मिसळलेला असतो. या विषास वास नाहीं, रंग नाहीं, त्यानें खोकलाही येत नाहीं. रक्तांतल्या हिमोग्लोबिनास तें प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतें. डोकें जड होतें, मळमळतें, पाय गळून जातात. ज्या पायांनीं दारापर्यंत जावयाचें तेच आधीं जातात. मोकळ्या हवेंत आल्यावरही रक्तांतलें विष निम्म्यावर येण्यास चारपांच तास लागतात. त्यामुळें दुपारपर्यंत रेंगाळणारी डोकेदुखी स्वयंपाकघराच्या धगीची, पित्ताची, उपवासाची किंवा स्वभावाची समजली जाते. हिंवाळ्यांत आपल्या वृत्तपत्रांत स्नानास गेलेलें माणूस बाहेर आलें नाहीं अशा बातम्या येतात. त्या वाचून आपण हळहळतों आणि पान उलटतों. या घरांत ती बातमी कार्तिकांतच व्हावयाची. कडी जरा मजबूत असती तर झालीच असती.

मावशी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग उठल्या, न्हाणीघरांत गेल्या आणि स्वतःच्या हातानें खिडकीचा कागद टरकावून आल्या.

गीझर त्याच दिवशीं उतरविला. आठ दिवसांनीं योग्य कारागिराकडून तो मागील पडवीच्या भिंतीवर, जेथें पूर्वीं बंब असे जवळ जवळ त्याच जागीं, पावसाचा शिंतोडा येणार नाहीं पण वारा खेळेल अशा बेतानें बसविला आणि गरम पाण्याचा नळ आंत नेला. ऊन पाणी येईपर्यंत दोन तांबे थंड पाणी अगोदर येतें. त्यास आमचा नाइलाज आहे. तोडलेल्या तारा काढून टाकून उष्णतेची नवी कळ घातली. तिची किंमत बोर्डाच्या मानानें किरकोळ निघाली. धाकट्या वहिनींस घेऊन मावसबंधू डॉक्टरांकडे गेले ते गोळ्या बदलून घेण्यासाठीं नव्हे, तर गीझरची हकीकत सांगण्यासाठीं. ही हकीकत सांगितल्यावांचून डॉक्टरांस तरी तें कसें कळावें?

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा गीझर आहे त्यांच्यासाठीं आणखी थोडें लिहितों. टकटकच होत नसेल तर सेल व त्यांच्या पट्ट्या पाहाव्या. नंतर पाण्याच्या तोंडाशीं असलेली बारीक जाळी काढून धुवावी, कारण टाकींतला गाळ तींत अडकला कीं पडद्यास दाब मिळत नाहीं आणि बोर्डास कोणी उठवीतच नाहीं. टकटक होते पण ज्योत पेटत नाहीं, तेव्हां सिलिंडर संपत आला आहे काय, नुकताच बदलून नळींत हवा राहिली आहे काय, हें पाहावें. सेल अर्धवट उतरलेले असले तर ठिणगी पडते परंतु झडप उघडण्याइतकी शक्ति उरत नाहीं, ही एक फसवी गोष्ट आहे. ज्योत निळी न राहतां पिंवळी लवलवूं लागली, वेटोळ्यावर काजळी धरूं लागली, तर बर्नर तुंबला आहे किंवा हवा कमी पडते आहे. कारागीर येईपर्यंत यंत्र वापरूं नये. आणि नळ बंद केल्यावरही ज्योत चालूच राहिली तर मात्र विचार करीत उभें न राहतां सिलिंडरच बंद करावा. खिळी अडकली असेल, आणि बिनपाण्याचें वेटोळें तापण्यास फार वेळ लागत नाहीं.

बोर्ड कधींच बिघडत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. समुद्रकांठीं तो बिघडतो. त्याच्यावरच्या तांब्याच्या बारीक रेघा हिरव्या पडून तुटतात, ठिबकणारें पाणी त्याच्यावर येतें, मुंग्या आंत घर करतात. ज्या बोर्डांवर पारदर्शक लेप दिलेला असतो ते अधिक टिकतात; विकत घेतांना तेवढें विचारावें. अलिबाग, नागांव, किहीम, मुरूड या बाजूस मुंबईकरांचीं पुष्कळ घरें आठवडेच्या आठवडे बंद असतात. तेथें निघतांना सेल काढून ठेवावे, नाहींतर पावसाळ्यांत ते फुटून त्यांतला क्षार तारांवाटे बोर्डापर्यंत पोंचतो. पण बोर्डाची पाळी सर्वांच्या शेवटीं आली पाहिजे. आणि ज्योत मध्येंच विझते म्हणून तारा जोडून देण्यास जो तयार होईल, त्यास पडवींत बसवून चहा द्यावा आणि परत पाठवावें.

परवां मावसबंधूंचें पत्र आलें. धाकट्या वहिनींची डोकेदुखी थांबली आहे, आणि आतां त्या सर्वांत आधीं स्नान करतात. हा नियम मावशींनीं घातला. पत्रांत दुसरीही एक गंमत होती. 'गेलेले' म्हणून काढलेले दोन जुने बोर्ड मावशींनीं टाकून दिले नव्हते. नवा कारागीर आला तेव्हां त्यानें ते एकामागून एक जोडून पाहिले. दोन्ही नीट चालले. मावशींनीं ते कोरड्या कागदांत गुंडाळले, वर दोऱ्यानें बांधले, आणि माळ्यावरच्या जुन्या तांब्याच्या बंबांत ठेवून दिले आहेत.